पेद्रो पातेर्नोला गद्दार का म्हणतात: थोडी पार्श्वभूमी

फिलिपीन्सच्या इतिहासात दलबदलू म्हटलं की पेद्रो पातेर्नोचं नाव हमखास निघतं. मनिलाच्या श्रीमंत मेस्तिसो (मिश्र वंशाच्या) घरातला मुलगा, शिकायला स्पेनला गेला, माद्रिदमध्ये कायद्याची डॉक्टरेट केली. १८८५ ची त्याची 'निनाय' ही फिलिपिनो माणसाने लिहिलेली पहिली कादंबरी मानतात. मनिलाच्या आसपासच्या तागालोग लोकांच्या जुन्या संस्कृतीवरही लिहिलं, पण त्यात पुरावा कमी आणि कल्पना जास्त.

खरा वाद १८९७ चा. स्पेनच्या राजवटीविरुद्ध उठलेले फिलिपिनो बंडखोर बियाक-ना-बातोच्या डोंगरात अडकलेले, स्पेनला तिकडे क्युबाचं युद्ध जड जात होतं, म्हणजे तह दोघांनाही हवाच होता. पातेर्नो आपणहून मध्यस्थ झाला, तब्येत इतकी खराब की माणसं त्याला झोळीत घालून डोंगर चढायची, असं महिनोन्‌महिने वर-खाली चाललं. डिसेंबरमध्ये सह्या झाल्या, बंडखोरांना ८ लाख पेसो हप्त्यांनी आणि त्यांचा नेता आगिनाल्दो साथीदारांसह हाँगकाँगला. ठरलेले सगळे पैसे स्पेनने कधीच दिले नाहीत आणि बंडखोरांनीही सगळी शस्त्रं टाकली नाहीत, त्यामुळे तह फसला याचं खापर एकट्या पातेर्नोवर फोडणं मला अजिबात पटत नाही.

पण १८९८ च्या सुरुवातीचं ते पत्र! तह केल्याबद्दल बक्षीस म्हणून ड्यूकचा किताब पाहिजे, स्पेनच्या सिनेटमध्ये जागा पाहिजे, वर रोख रक्कम, तीसुद्धा मेक्सिकन चलनात. गव्हर्नर जनरलच्या नातेवाइकाला त्याने हे स्वतः लिहून पाठवलं. शेकडो माणसं मेलेल्या लढाईच्या तहावर असा भाव लावणं, याचं समर्थन कसं करणार? त्याला चिकटलेला डाग मुख्यतः या पत्राचाच आहे, तहाचा नाही.

पुढचं सगळं लोक त्याच चष्म्यातून बघतात. स्पेन-अमेरिका युद्ध सुरू असताना ३१ मे १८९८ ला जाहीरनामा काढून सांगतो की अमेरिकेविरुद्ध स्पेनच्या बाजूने उभे राहा, आणि सप्टेंबरमध्ये आगिनाल्दोच्या क्रांतिकारी सरकारच्या मालोलोस इथल्या काँग्रेसचा (प्रतिनिधी सभेचा) अध्यक्ष! तोवर या सरकारची अमेरिकेशीच लढाई पेटली होती; मे १८९९ ला अमेरिकेशी बोलणी करायच्या बाजूचा म्हणून त्याच सरकारचा पंतप्रधान झाला, आणि जूनमध्ये त्याच्याच नावाने अमेरिकेविरुद्ध युद्धाची औपचारिक घोषणा निघाली. १९०० मध्ये बेंगेत या डोंगराळ भागात अमेरिकनांकडून पकडला गेला, मग अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेतली. आता शपथ तर आगिनाल्दोनेही १९०१ मध्ये घेतली, पण त्याला कोणी दलबदलू म्हणत नाही, पातेर्नोला मात्र प्रत्येक वळणावर हिशोब विचारला जातो.

१९०२ मध्ये त्याने तागालोग ऑपेरा लिहिला, १९०७ ला लागुना प्रांतातून असेंब्लीवर (अमेरिकी राजवटीतल्या विधानसभेवर) निवडून आला, अर्थात मत द्यायचा हक्क तेव्हा शिकलेल्या किंवा मालमत्ता असलेल्या मोजक्या पुरुषांनाच होता. १९११ मध्ये मनिलात कॉलऱ्याने गेला.