समोरून येणारी गाडी संथ का वाटते?

“गाडी लांब आहे, चल पटकन,” म्हणत रूळ ओलांडणारी माणसं मुंबईत रोज दिसतात. त्यांतली काही पलीकडे पोचतच नाहीत. मग आपण म्हणतो, बेपर्वाई नडली. पण ज्याने थांबून गाडी पाहिली, अंदाज घेतला आणि मगच पाऊल टाकलं, त्याला बेपर्वा कसं म्हणायचं? त्याचा अंदाज चुकला, आणि तो कुणाचाही चुकेल.

लोकलचा डबा सुमारे ३.६६ मीटर रुंद. ताशी ८० किलोमीटरने येणारी लोकल ४०० मीटरवर असते तेव्हा समोरून जेमतेम अर्ध्या अंशाएवढी दिसते. पौर्णिमेचा चंद्र दिसतो साधारण तेवढीच रुंद. २०० मीटरवर येईपर्यंत नऊ सेकंद जातात, आणि तेवढ्या वेळात ती फक्त दुप्पट होते. डोळा सांगतो, वेळ आहे. शेवटच्या ५० मीटरना मात्र लागतात सव्वादोन सेकंद. खडीवर तोल सांभाळत रूळ पार करायला तीन-चार तरी हवेत.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ हर्शेल लिबोविट्झ यांनी १९८५ मध्ये आणखी एक गोष्ट मांडली: वेग सारखा असला तरी मोठी वस्तू लहान वस्तूपेक्षा सावकाश चालल्यासारखी वाटते. उतरणारं मोठं विमान हवेत तरंगतंय असं वाटतं ना, तसंच.

माणसाच्या अशा मर्यादा ओळखून त्याच्याभोवतीच्या वस्तू बदलायच्या, हे ‘ह्युमन फॅक्टर्स’ संशोधनाचं काम. २००९ च्या अखेरीस हार्बर लाइनवर वडाळ्याजवळ ‘फायनलमाइल’ या मुंबईच्या संस्थेने रेल्वेबरोबर तेच केलं. रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांपैकी, म्हणजे स्लीपरांपैकी, काही पिवळे रंगवले, मधले तसेच ठेवले. गाडी एकेक पिवळा पट्टा गिळत येऊ लागली, आणि जो वेग डोळ्याला कळत नव्हता तो दिसू लागला. एका लांब शिट्टीऐवजी दोन तुटक शिट्ट्या आल्या, कारण मधल्या क्षणभराच्या शांततेने कान टवकारतात. सूचनाफलकाच्या जागी गाडीखाली सापडणाऱ्या माणसाचा भेदरलेला चेहरा लागला. तिथले मृत्यू बरेच कमी झाले. मला तो पिवळा रंग फार मोलाचा वाटतो: त्यात कुणालाही दटावणं नाही, दंड नाही.

पादचारी पुलाची गरज त्याने भागत नाही. घर रुळाच्या एका बाजूला आणि काम दुसऱ्या बाजूला असेल, तर दमलेला माणूस जवळची वाट धरणारच, आणि पूल त्या वाटेवरच हवा.