एक्स्पांडर: आधी जोडीने, मग एकटा

1963 साली सांगलीत आकाशवाणीचं केंद्र सुरू झालं. त्याच साली बर्लिनच्या प्रदर्शनात फिलिप्सने छोटी कॅसेट दाखवली आणि रे डॉल्बी नावाचा तरुण अमेरिकन इंजिनिअर संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार म्हणून भारतात आला. टेपवरची खरखर कशी हटवायची, हा प्रश्न त्याच्या डोक्यात पक्का बसला तो इथेच.

प्रश्न मात्र त्याच्याही आधीचा. 1927मध्ये लंडन-न्यूयॉर्क रेडिओ टेलिफोन चालू झाला, तेव्हा अटलांटिकवरचा सगळा कडकडाट बोलण्यात मिसळायचा. अमेरिकेतल्या बेल या टेलिफोन कंपनीच्या इंजिनिअरांनी 1930च्या दशकात त्यावर कम्पँडर आणला. पाठवताना हळू आवाज उचलायचा, मोठा दाबायचा. पलीकडे एक्स्पांडरने बरोबर उलटं करायचं. आवाज मूळ पदावर येतो, आणि वाटेत शिरलेली खरखर, विशेषतः बोलणं थांबलं की, खाली ढकलली जाते. पलीकडच्या एक्स्पांडरला अंदाज बांधावा लागत नव्हता. अलीकडे काय केलंय हे ठरलेलंच होतं.

डॉल्बीने (मिरवणुकीतली नव्हे, हा माणूस) 1965मध्ये लंडनला कंपनी काढली. त्याच्या ‘ए’ पद्धतीत आवाजाचे चार पट्टे पाडून प्रत्येकातले फक्त हळू सूर हाताळले जात. खरखर साधारण 10 डेसिबलने उतरायची. 1966मध्ये डेक्का या रेकॉर्ड कंपनीने ती वापरायला घेतली. 1968मध्ये घरगुती यंत्रांसाठी ‘बी’ आली. टेपरेकॉर्डरवरचं ते बटण अनेकांना आठवत असेल. डॉल्बीशिवाय भरलेल्या साध्या कॅसेटला ते चालू ठेवलं की नाट्यपदातला झांजेचा आवाज कांबळ्याखालून आल्यासारखा लागायचा, कारण उचलणारा जोडीदार नसताना दाबणारा तेवढा काम करत होता.

पुढे स्टुडिओंनी जाणूनबुजून हीच अर्धी जोडी वापरली. अनेक ट्रॅक एकत्र केले की प्रत्येकाची खरखर साठत जाते. म्हणून 1970च्या दशकात केपेक्ससारखे सुटे एक्स्पांडर आले. वाद्य गप्प झालं की ते ट्रॅकचा आवाज खाली घेत. आज ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये मिळतो तो याचाच वंशज. 16 बिट डिजिटलची मर्यादा सुमारे 96 डेसिबल, त्यामुळे टेपची खरखर इतिहासजमा झाली, राहिली खोलीची.

सुट्या एक्स्पांडरला फक्त एक रेषा कळते: थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या पातळीखालचा आवाज तो दाबतो ती. ती उणे 45 डेसिबलवर ठेवली, प्रमाण 1:2 घेतलं (रेषेच्या जितकं खाली, त्याच्या दुप्पट खाली ढकलायचं), तर उणे 55वरची पंख्याची घरघर उणे 65वर जाते. पण फक्त बोलणं थांबल्यावर. बोलणं सुरू असताना पंखा शब्दांमागे तसाच असतो. ‘खरखर काढून टाकली’ असं कुणी सांगितलं तर माझा विश्वास बसत नाही. ती मधल्या जागांत लपवलेली असते. शिवाय आपल्या वाक्याच्या शेवटी ‘आहे’ म्हणताना आवाज पडतो. थ्रेशोल्ड जरा चढा असला की त्यातला ‘हे’ गायब. रिलीज (आवाज पडल्यावर तो खाली न्यायला लागणारा वेळ) 200-300 मिलिसेकंद ठेवून आणि एकूण घट 10-12 डेसिबलवर अडवून हे बरंच निभावतं.

मिरजेच्या तंबोऱ्यापुढे मात्र या युक्त्या चालत नाहीत. चार तारा एकामागोमाग छेडल्या जातात, आधीच्या तारेची जवारी, म्हणजे तिची गुंजत राहणारी झणझण, विरायच्या आत पुढची लागते. पातळी रेषेखाली येतच नाही, म्हणून एक्स्पांडर नुसता बसून राहतो. हात थांबला की तो जागा होतो आणि पंख्याबरोबर विरत जाणारा नादही गिळतो. वाद्य विकत घेणारा तर नेमका तोच ऐकायला कान लावून बसलेला असतो. अशा रेकॉर्डिंगला पंखा बंद करावा, खिडकी लावावी, माइक घोडीच्या जवळ आणावा आणि एक्स्पांडरला हात लावू नये.