जुनं नाव वेगळं, म्हातारं नाव वेगळं

‘तनाखातलं नको गं, जुनाट वाटतं. काहीतरी मॉडर्न हिब्रू सांग.’ आमच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंच्या, घरांत बाळाची चाहूल लागली की ठाण्यापासून इस्राएलमधल्या अश्दोदपर्यंत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मग कुणीतरी नेटवरची यादी पाठवतं आणि घरातले सगळे तिचे दोन भाग पाडतात. तनाखातली, म्हणजे हिब्रू बायबलमधली, नावं जुनी म्हणून बाद, बाकीची नवी म्हणून ठेवायची. ही विभागणी मुळातच चुकीची आहे, आणि तिच्यापायी चांगली नावं हातची जातात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मराठी नावांच्या बाबतीत हा घोळ कुणी घालत नाही. अदिती हे नाव ऋग्वेदातलं, पण आज पाळण्यात शोभतं. कुमुदिनी त्यामानाने कालपरवाचं, पण ते ऐकलं की डोळ्यांसमोर नऊवारीतली आजीच उभी राहते. नाव किती शतकांपूर्वीचं आहे हे कानाला कळत नाही. ते कुठल्या पिढीत घरोघरी होतं, एवढंच कळतं. हिब्रूचंही अगदी तसंच आहे.

यासाठी तनाखातल्या दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढा. अम्नोन आणि तामार, दोघंही दाविदाची मुलं. एकाच अध्यायातली, म्हणजे वय अगदी सारखं. पण आज इस्राएलमध्ये अम्नोन म्हटलं की निवृत्त झालेले आजोबा आठवतात. लष्करप्रमुख अम्नोन लिपकिन-शाहाक 1944 साली जन्मले, तेव्हा ते नाव अगदी चालतं होतं. आणि तामार? गेल्या काही वर्षांत ज्यू मुलींच्या नावांच्या यादीत ते अगदी वरच्या जागांवर आहे. पॅन्सीच्या फुलाला हिब्रूत ‘अम्नोन-तामार’ म्हणतात. फुलात दोघं एकत्र राहिली, बालवाडीच्या हजेरीत मात्र फक्त तामार उरली.

हे कसं होतं ते पाहा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे राहायला आलेल्या आईबापांना डायस्पोरातली, म्हणजे देशोदेशी विखुरलेल्या ज्यूंची, नावं नको होती. त्यांनी तनाख उघडून कुणी फारसं न वापरलेली, पराक्रमी वाटणारी नावं शोधली: गिदओन, एहूद, अम्नोन, योराम. ती एका पिढीत एवढी भरली की त्या पिढीलाच चिकटून बसली. योराम या नावाचं तर पुढे हिब्रू बोलीत ‘पुस्तकी, बावळट मुलगा’ अशा अर्थाचं विशेषण झालं. आता ते नाव मुलाला द्यायची हिंमत कुणाची होणार? योराम राजघराण्यातलाच, इत्तयही दाविदाच्याच गोष्टीतला. पण इताय (इत्तयचंच आजचं रूप) हे नाव त्या लाटेत फारसं सापडलं नाही, म्हणून मागाहून आलं तेव्हा ताजं वाटलं. याएल शास्त्यांच्या पुस्तकातली, नोआ गणनेच्या पुस्तकातली, अविगाइल पहिल्या शमुवेलातली. या तिन्हींपैकी एकही कानाला म्हातारं वाटत नाही.

आता दुसरी बाजू, जिथे लोक सगळ्यात जास्त फसतात. ज्यांना आपण ‘मॉडर्न हिब्रू’ म्हणतो त्यांतलीच नावं सगळ्यात लवकर म्हातारी होतात. झेहावा, याफा, अलिझा, शोशाना घ्या. झेहावा किंवा अलिझा नावाची एकही बाई तनाखात नाही. ही नावं त्या काळची मॉडर्नच होती. यिद्दिशमधली (युरोपातल्या ज्यूंची बोली) गोल्डा हिब्रूत झेहावा झाली, शाइन्डलची याफा झाली. आज ही पणज्यांची नावं आहेत. त्यानंतर साठ-सत्तरच्या दशकांत ‘-ईत’ने संपणाऱ्या नावांची साथ आली: रोनित, ओरित, गालित, दोरित, इलानित. गोड नावं आहेत, पण नाव ऐकताच वय सांगता येतं, आणि ते वय आता आजी होण्याचं आहे. याचं कारण सरळ आहे. तामारच्या मागे दोन-तीन हजार वर्षं आणि कितीतरी पिढ्यांतल्या बायका आहेत. गालितच्या मागे तिचं ते एकच दशक आहे.

म्हणूनच आज ‘लि’ पुढे लावून किंवा ‘एल’ मागे जोडून जी नावं बनवतात, लिएल, लिआन आणि तत्सम, ती मला अजिबात पटत नाहीत. उद्याच्या गालित आणि ओरित याच असणार.

यादी हाताशी असली तरी ती वाचायला यावी लागते. इस्राएलचा केंद्रीय सांख्यिकी विभाग दरवर्षी नवजात बाळांची नावं जाहीर करतो. त्यात मोशे, योसेफ, हाइम चांगले वर दिसतात, आणि मुंबईतले काका खूश होऊन म्हणतात, ‘बघा, मोशे अजून चालतं!’ चालतं, पण कुठे? हरेदी, म्हणजे कट्टर धार्मिक, घरांत मुलं जास्त असतात आणि तिथे आजोबा-पणजोबांची नावं न चुकता ठेवली जातात. बने ब्राक या हरेदी शहरातला छोटा मोशे शाळेत वेगळा पडत नाही. तेल अवीवमधल्या मोशेला मात्र सगळे आजोबांचं नाव म्हणूनच ओळखतात. राष्ट्रीय यादीपेक्षा तुमच्या गावाची यादी बघा. दावीद हा त्यातल्या त्यात भाग्यवान, दोन्हीकडे चालतो.

आपल्या लोकांचा आणखी एक खास घोटाळा आहे, इंग्रजी रूपाचा. आपल्या पूर्वजांनी कोकणात नावं मराठी वळणावर आणली होती. 1796 साली मुंबईत पहिली मशीद (आपली जुनी माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणायची) बांधणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे लोकांचे सामाजी हसाजी. पुढे इंग्रजी शाळा आल्या आणि सामाजीचा सॅम्युअल झाला, मुसाजीचा मोझेस. पन्नास-साठच्या दशकांत बरेच लोक लोद, दिमोना, बेर शेवाला गेले ते हीच रूपं घेऊन. त्यामुळे घरातल्या आजीचा कान इंग्रजी रूपावर ठरतो, आणि त्या बाळाला जन्मभर हाक मारली जाणार ती हिब्रू रूपाने.

दोन्ही रूपांचं वय एक नसतं. ॲबिगेल म्हटलं की ठाण्यातल्या मावशीला विलायती मडम आठवते, अविगाइल तिकडे पाळण्यापाळण्यात आहे. उलट रूबेन आपल्याला चटपटीत वाटतं, पण रेऊवेन म्हणजे माजी राष्ट्राध्यक्ष रेऊवेन रिवलिन यांच्या पिढीचं नाव. ते 1939 सालचे. अमेरिकेतल्या भाच्याकडे एझ्रा सध्या फॅशनमध्ये आहे, इस्राएलमध्ये एझ्रा म्हणजे बगदादहून आलेले आजोबा. लेवी आणि लावी यांतही गल्लत होते. लेवी पुरातन आणि तिकडे बहुतेक आडनाव म्हणूनच ऐकू येणारं, लावी म्हणजे सिंह आणि सध्या भलतंच लोकप्रिय. मूल कुठल्या देशात वाढणार ते आधी ठरवा आणि तिथल्या कानाने नाव ऐका. दोन्हीकडे चालणारं हवं असेल तर दानियेल आहेच.

बाकीच्या शंका किरकोळ आहेत. नोआ मुलीचं, तारवातल्या नोहाचं हिब्रू नाव नोआख, दोन्हींचा संबंध नाही. अमित आणि आदी तिथे मुलगा-मुलगी दोघांनाही ठेवतात आणि आपल्याकडे कुणी स्पेलिंगही विचारत नाही, चांगली सोय आहे. ‘त्स’चा उच्चार जमणार नाही म्हणून लोक त्सिपोरा, त्स्वी टाळतात, ते मात्र मला कळत नाही. ‘चांगला’मधला च नीट म्हणणाऱ्या मराठी माणसाला तो का जड जावा? ती नावं टाळायचीच तर पिढीच्या कारणाने टाळा.

आजोबांचं नाव ठेवायचं असेल तर पूर्ण ठेवा. शमुवेल आजोबांच्या आठवणीत ‘श’वरून शाय, शाहार असली नावं शोधण्यात आजोबांची आठवण कुठे राहते? श्मुएल ठेवा, घरात श्मूलिक म्हणा, तिथे तशीच पद्धत आहे. आणि ते म्हातारं वाटतंय असं मनापासून वाटत असेल तर सरळ दुसरं नाव घ्या.

मला विचाराल तर मुलीसाठी याएल किंवा हदास, मुलासाठी एतान किंवा नदाव. याएल, एतान, नदाव ही तनाखातल्या माणसांची नावं, हदास हा तनाखात झाडाचं नाव म्हणून येणारा शब्द, आणि एकही फक्त एकाच दशकाच्या मालकीचं नाही. नोआ मी आता सुचवत नाही. ते इतकी वर्षं पहिल्या जागेवर होतं की त्या नोआ आता लष्करी सेवा संपवून बाहेर पडल्यात, आणि थोड्याच वर्षांत ते नाव आयांचं वाटू लागेल. लावीचंही तेच होणार, म्हणून आत्ता बारशाची तयारी करत असाल तर तेवढं एक नाव यादीतून काढा.