परमिट रूम आणि पाटी नसलेली खोली

मुंबईत बारच्या दारावर ‘परमिट रूम’ अशी पाटी असते. हे परमिट कसलं, असा प्रश्न आत जाणाऱ्याला सहसा पडत नाही. ते १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं उरलेलं शेपूट आहे. कायदा अजून लागू आहे, फक्त नावात मुंबईच्या जागी महाराष्ट्र आलं, आणि कागदोपत्री प्यायला आजही परवाना लागतो.

दारू सोडलेल्यांची मिटिंग जिथे भरते, त्या खोलीवर मात्र बहुतेक वेळा ठळक पाटी नसते. चर्चचं सभागृह, संध्याकाळी रिकामा झालेला शाळेचा वर्ग, अशा जागा. पहिल्यांदा शोधणारा माणूस गेटपाशी दोनदा घुटमळतो आणि पुष्कळदा तिथूनच परत फिरतो. खोली अशी आडोशाला का, हे कळायचं तर थोडं मागे जावं लागेल.

मे १९३५. न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस बिल विल्सन ओहायो राज्यातल्या अॅक्रन गावी एका व्यवहारासाठी गेला होता. व्यवहार फसला. दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. हॉटेलच्या लॉबीत तो उभा, एका टोकाला गजबजलेला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि चर्चची यादी. त्याने फोन उचलला. ‘मला दारू सोडवा’ असं काही त्याने म्हटलं नाही, बोलायला दुसरा एखादा दारुडा कुठे भेटेल, एवढंच विचारलं. असे फोन फिरता फिरता त्याची गाठ पडली सर्जन बॉब स्मिथशी. पंधराच मिनिटं देईन म्हणालेले डॉक्टर काही तास बोलत बसले. त्यांनी शेवटचा घोट घेतला तो दिवस १० जून १९३५ मानतात, आणि तोच अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा, म्हणजे नाव गुप्त ठेवून एकमेकांना दारूपासून दूर राहायला मदत करणाऱ्यांच्या एएचा, स्थापनादिवस. माझ्या मते पुढच्या सगळ्या इतिहासाचा गाभा त्या फोनमध्येच आहे. उपदेश करायला मंडळी कधीच कमी नव्हती. बिलला हवा होता तो स्वतः त्यातून गेलेला माणूस.

१९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं, त्यात दारूतून बाहेर पडायच्या बारा पायऱ्या आल्या. मग गट कसे चालवायचे याच्या बारा परंपरा ठरल्या. तिसरी परंपरा सांगते की सदस्य व्हायला दारू सोडायची इच्छा पुरे. सातवी सांगते की बाहेरून देणगी घ्यायची नाही. म्हणूनच फी नसते, मिटिंगमध्ये एक पिशवी किंवा डबा फिरतो आणि खोलीचं भाडं, चहा त्यातून निघतो. १९५१ मध्ये घरच्यांसाठी अल-अॅनॉन वेगळं उभं राहिलं. त्यात बिलची बायको लोईस हिचा पुढाकार होता.

मुंबईत एए आलं १९५७ मध्ये, तेही ऐन दारूबंदीत. हातभट्टीवर धाडी पडत, ‘आंटी’चे अड्डे घरातल्या मागच्या खोलीत चालत. आरोग्यासाठी दारू लागते असा डॉक्टरचा दाखला दाखवला की परमिट मिळे. म्हणजे पिणाऱ्याची सरकार-दरबारी नोंद होई, नाहीतर तो गुन्हेगार ठरे. अशा शहरात आडनाव न विचारणारी खोली उघडणं ही मोठी गोष्ट होती. साठच्या दशकात बंदी सैल झाली, नंतर देशी दारूची दुकानं आली. कामगारवस्तीत पगाराच्या दिवशी बायका नवऱ्याची वाट कशी बघत, ते गिरणगावातल्या जुन्या माणसांना विचारा. विषारी दारूने माणसं मेली की (मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक गेली) धाडींची लाट येते आणि ओसरते. राज्यात दारूचं दुकान ठेवायचं की बंद करायचं यासाठी उभी बाटली-आडवी बाटलीचं मतदानही आलं. या सगळ्यात दुकानाचा विचार झाला, पिणाऱ्याचा फारसा नाही.

तो विचार करणाऱ्या जागा ऐंशीच्या दशकात वाढल्या. १९८१ मध्ये वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमध्ये फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं, १९८६ मध्ये पुण्यात डॉ. अनिता अवचटांच्या पुढाकाराने मुक्तांगण उभं राहिलं. दोन्ही व्यसनमुक्तीसाठी. तिथून बाहेर पडलेल्याला रोजच्या गर्दीत टिकायला मिटिंग लागते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याने मिटिंगच्या भरवशावर एकदम बंद करू नये. फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, म्हणून आधी डॉक्टर. चर्चच्या खोलीमुळे बिचकणारेही असतात. पायऱ्यांमध्ये देव आहेच, पण ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ असं तिथेच लिहिलंय, आणि ते शब्द पहिल्या सदस्यांतल्या नास्तिकांच्या आग्रहाने आले.

आता शोध सोपा झालाय. एएच्या मदत क्रमांकावर फोन केला की बोलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेलाच असतो. सरकारचा व्यसनमुक्तीचा १४४४६ हा क्रमांकही आहे. विचारायचं ते एवढंच: मिटिंग मराठी, हिंदी की इंग्रजी, ओपन की क्लोज्ड, कारण ओपनला घरच्या माणसालाही नेता येतं. आणि स्टेशन कुठलं. घराजवळचंच कशाला, ओळखीचं कुणी भेटेल असं वाटत असेल तर दोन स्टेशनं पुढचं विचारावं.