सेमी-नाइव्ह आणि मॅजिक सेट: वेग दोन्हींनी वाढतो, पण दुखणी वेगळी

डेटालॉग या नियमांवर चालणाऱ्या क्वेरी-भाषेत रिकर्सिव्ह (स्वतःचाच पुन्हा आधार घेणारी) क्वेरी रेंगाळली की दोन नावं एका दमात घेतली जातात: सेमी-नाइव्ह मूल्यांकन आणि मॅजिक सेट. पुष्कळांना ती एकाच उपायाची दोन नावं वाटतात. प्रत्यक्षात पहिला उपाय तेच उत्तर पुन्हा पुन्हा काढणं थांबवतो आणि दुसरा मुळात नको असलेलं उत्तर काढणं थांबवतो. आपलं दुखणं कोणतं हे न पाहता औषध दिलं की वेळ तेवढाच लागतो आणि प्रोग्राम मात्र किचकट होऊन बसतो.

नाशिक जिल्ह्याचंच पाणी उदाहरणाला घेऊ. सातमाळा डोंगररांगेच्या एका बाजूचं पाणी गोदावरीतून जायकवाडीकडे जातं, दुसऱ्या बाजूचं गिरणेतून तापीला. 'वाहते' या संबंधात (म्हणजे तक्त्यात) अकरा नोंदी धरा: भावली→दारणा, दारणा→नांदूर मधमेश्वर, काश्यपी→गंगापूर, गौतमी→गंगापूर, गंगापूर→रामकुंड, रामकुंड→नांदूर मधमेश्वर, नांदूर मधमेश्वर→जायकवाडी; आणि गिरणेकडच्या चणकापूर→मालेगाव, हरणबारी→मालेगाव, मालेगाव→गिरणा धरण, गिरणा धरण→तापी. मधली गावं आणि ओढे सोडून दिले आहेत. नियम दोन (':-' म्हणजे 'जर', स्वल्पविराम म्हणजे 'आणि'):

पोचते(क, ख) :- वाहते(क, ख).
पोचते(क, ख) :- वाहते(क, ग), पोचते(ग, ख).

भोळी पद्धत, म्हणजे नाइव्ह, दर फेरीत दोन्ही नियम आतापर्यंतच्या सगळ्या माहितीवर चालवते. पहिल्या फेरीत 11 जोड्या निघतात. दुसऱ्या फेरीत त्याच 11 पुन्हा आणि नव्या 9, म्हणजे 20. तिसरीत 26, चौथीत 28. पाचव्या फेरीत तेच 28 पुन्हा निघतात, नवीन काहीच सापडत नाही, म्हणून थांबायचं. एकूण 113 वेळा जोडी काढली, हाती वेगळ्या जोड्या 28. बाकीच्या 85 वेळा आधी सापडलेलंच पुन्हा सापडलं.

सेमी-नाइव्ह नेमकं इथे हात घालते. मागच्या फेरीत नव्याने सापडलेल्या जोड्यांचा एक वेगळा संच ठेवायचा, त्याला डेल्टा म्हणतात, आणि पुढच्या फेरीत 'वाहते'चा जॉइन (सामाईक मूल्यावरून जोडणी) फक्त डेल्टाशी करायचा. मग फेऱ्या होतात 11, 9, 6, 2 आणि शेवटी 0. बेरीज 28. इथे प्रत्येक जोडीला एकच वाट आहे म्हणून पुनरावृत्ती शून्यावर आली. एकाच ठिकाणी दोन वाटांनी पोचता येत असेल तर तीच जोडी दोनदा निघेल, म्हणून निघालेल्यातून जुन्या जोड्या वजा करण्याची पायरी गाळून चालत नाही.

हातानं डेल्टा लिहिताना होणारी एक चूक फार महागात पडते. नियम 'पोचते(क, ग), पोचते(ग, ख)' असा दुहेरी असेल तर काही जण डेल्टाचा जॉइन फक्त डेल्टाशीच करतात. पहिल्या फेरीत एका टप्प्याच्या जोड्या मिळतात, दुसरीत दोन टप्प्यांच्या. तिसऱ्या फेरीच्या डेल्टात फक्त दोन-दोनचे तुकडे असल्यामुळे एकदम चार टप्पे निघतात आणि तीन टप्प्यांचं काही निघतच नाही. भावली→जायकवाडी ही जोडी तीन टप्प्यांची आहे. ती कायमची हरवते, आणि एररही येत नाही. डेल्टाचा जॉइन पूर्ण 'पोचते'शी, आणि पूर्ण 'पोचते'चा जॉइन डेल्टाशी, अशा दोन्ही बाजू लिहाव्याच लागतात.

आता प्रश्न बदला: भावलीचं पाणी कुठे कुठे पोचतं? उत्तरं तीनच आहेत: दारणा, नांदूर मधमेश्वर, जायकवाडी. सेमी-नाइव्ह तरीही 28 जोड्या काढते, त्यात गिरणा खोऱ्यातल्या 9 आल्या, आणि मग 25 फेकून देते. एकही जोडी दोनदा काढलेली नाही, तरी बहुतेक काम वायाच गेलं. इथे मॅजिक सेट लागतो. तो मूल्यांकनाची पद्धत बदलत नाही, प्रोग्रामच नव्याने लिहितो. बॅन्सियाँ, मायर, सागिव आणि उलमन यांनी तो 1986 साली मांडला. प्रश्नातलं ठरलेलं मूल्य एका छोट्या संबंधात टाकायचं आणि प्रत्येक नियमापुढे त्याचा पहारा बसवायचा:

हवे(भावली).
हवे(ग) :- हवे(क), वाहते(क, ग).
पोचते(क, ख) :- हवे(क), वाहते(क, ख).
पोचते(क, ख) :- हवे(क), वाहते(क, ग), पोचते(ग, ख).

'हवे'मध्ये चार नोंदी येतात, 'पोचते'मध्ये सहा. चणकापूर आणि हरणबारीला हात लागतच नाही. आणि हा नवा प्रोग्रामही रिकर्सिव्हच आहे, म्हणून तो चालवायचा सेमी-नाइव्हनेच. आधी पुनर्लेखन, मग डेल्टा. दोन्हींत निवड करायची वेळ येत नाही.

नियमाची दिशाही पाहायला हवी, आणि तिकडे फार दुर्लक्ष होतं. हाच नियम 'पोचते(क, ग), वाहते(ग, ख)' असा लिहिला तर क शेवटपर्यंत भावलीच राहतो, 'हवे'मध्ये एकच नोंद राहते आणि 'पोचते'मध्ये नेमक्या तीन. उलट 'जायकवाडीत कुठून कुठून पाणी येतं' असा प्रश्न असेल तर आपला मूळ नियमच बरा: ख जागचा हलत नाही आणि सात जोड्यांत काम भागतं. कोणतं टोक ठरलेलं आहे ते पाहून नियम लिहिला तर मॅजिक सेटचं अर्धं काम आधीच झालेलं असतं. दोन्ही टोकं मोकळी असतील, म्हणजे सगळ्याच जोड्या हव्या असतील, तर मॅजिक सेट लावू नये. पहाऱ्याचा जॉइन तेवढा अंगावर पडतो.

एसक्यूएलमध्येही हाच घोळ दिसतो. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये रिकर्सिव्ह क्वेरी 'विथ रिकर्सिव्ह'ने लिहितात; त्यातलं वर्किंग टेबल म्हणजे डेल्टाच, त्यामुळे सेमी-नाइव्ह तिथे फुकट मिळते. पण बाहेर लिहिलेली 'व्हेअर कुठून = भावली' ही अट ('कुठून' आणि 'कुठे' हे जोडीच्या दोन टोकांचे कॉलम) पोस्टग्रेस रिकर्शनच्या आत ढकलत नाही; आधी 28 ओळी बनतात, मग गाळल्या जातात. अट पायाच्या सिलेक्टमध्ये, म्हणजे रिकर्शन जिथून सुरू होतं त्या पहिल्या भागात, आपणच लिहायची. मात्र रिकर्सिव्ह भाग मूळ नियमासारखा, वाहते.कुठे = पोचते.कुठून असा असेल आणि अट फक्त पायात टाकली, तर क्वेरी भावलीच्या वरच्या अंगाला शोधू लागते. तिथे आपली एकही नोंद नाही. उत्तर येतं एक ओळ, भावली→दारणा. जॉइन पोचते.कुठे = वाहते.कुठून असा फिरवला की तिन्ही ओळी येतात.

हे दोन भाग जोडायला 'युनियन ऑल' वापरलं की जुन्या जोड्या वजा करणं बंद होतं. एखादी उलट्या दिशेची नोंद चुकून जादा पडली, समजा नांदूर मधमेश्वर→गंगापूर, की चक्र तयार होतं आणि क्वेरी संपतच नाही. साधं 'युनियन' इथे वाचवतं. पण 'कितवा टप्पा' असा कॉलम जोडला असेल तर दर फेरीची ओळ वेगळी ठरते आणि 'युनियन'चाही उपयोग राहत नाही. तेव्हा पोस्टग्रेस 14 पासून मिळणारं, चक्र ओळखून थांबवणारं 'सायकल' कलम लावावं.

निदानासाठी तीन आकडे मोजा: एकूण किती ओळी निघाल्या, त्यांत वेगळ्या किती, आणि उत्तराला लागल्या किती. पहिल्या दोघांत मोठी तफावत असेल तर डेल्टा नीट चालत नाही, किंवा एकाच ठिकाणी जाणाऱ्या वाटा फार आहेत. दुसऱ्या-तिसऱ्यात असेल तर मॅजिक सेट लावा. नियमांत नकार असेल, उदाहरणार्थ 'जिथे पाणी पोचत नाही अशी गावं', तर जरा जपून: पुनर्लेखनानंतर 'हवे'चे नियम नकारातून फिरून स्वतःवरच येऊ शकतात आणि मूळ प्रोग्रामची स्तररचना, म्हणजे नकार लावण्याआधी त्याखालचा संबंध पूर्ण काढण्याचा क्रम, मोडते. अशा वेळी नकाराखालचा संबंध मॅजिकच्या बाहेर ठेवून आधी पूर्ण काढावा आणि पहारा उरलेल्या नियमांवरच बसवावा.