अडथळा एव्ही नोडमध्ये, की त्याच्या खाली?

ईसीजीवर पी लाट (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची) सुरू झाल्यापासून क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची लाट) उमटेपर्यंत साधारण 120 ते 200 मिलिसेकंद जातात. हा पीआर इंटरव्हल लांबला की रिपोर्टवर ‘फर्स्ट डिग्री ब्लॉक’ (संदेश पोचतो, पण उशिरा) असं छापून येतं आणि घरचे धास्तावतात. पण उशीर नेमका कुठे होतोय, हे त्या कागदावरून नेहमी कळतंच असं नाही.

ठोक्याची सुरुवात करणाऱ्या एसए नोडमधून निघालेला विद्युत संदेश हृदयाच्या वरच्या कप्प्यांत झपाट्याने पसरतो आणि वरच्या-खालच्या कप्प्यांना जोडणाऱ्या एव्ही नोडपाशी मंदावतो. या नोडचं सविस्तर वर्णन 1906 मध्ये सुनाओ तवारा या जपानी डॉक्टरने केलं. तो तेव्हा जर्मनीत मारबुर्गला लुडविग आशॉफ यांच्याकडे काम करत होता. इथला विलंब फार मोलाचा आहे. तेवढ्या वेळात खालचे कप्पे रक्ताने नीट भरतात. एट्रियल फिब्रिलेशन या ठोक्यांच्या विकारात वरचे कप्पे मिनिटाला चारशेहून जास्त वेळा थरथरतात, तेव्हा त्यातले बरेचसे संदेश हाच नोड अडवतो. पुढे हिस बंडल (संदेश खाली नेणारा तंतूंचा जुडगा), त्याच्या डाव्या-उजव्या शाखा आणि पर्किंजे तंतू. ही वाट वेगाची.

हिस बंडल इतका बारीक, की साध्या ईसीजीत त्याचा मागमूस लागत नाही. 1969 मध्ये बेंजामिन शेरलॅग आणि सहकाऱ्यांनी जांघेतल्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) नेऊन त्याची नोंद घेण्याची पद्धत मांडली. ईपी स्टडीत (हृदयातल्या विद्युत संदेशांच्या तपासणीत) आजही तेच करतात. कॅथेटर हृदयाच्या उजव्या बाजूच्या ट्रायकस्पिड झडपेपाशी टेकला की पडद्यावर आधी ‘ए’ दिसतो, तो वरच्या कप्प्यांचा. शेवटी मोठा ‘व्ही’, खालच्या कप्प्यांचा. आणि दोहोंच्या मध्ये एक इवलासा टोकदार ‘एच’. तो दिसला की उशिराचे दोन भाग करता येतात: ए-एच म्हणजे मुख्यतः नोडमधला वेळ, एच-व्ही म्हणजे त्याखालचा.

एच-व्ही एरवी 35 ते 55 मिलिसेकंद असतो. नियमित पळणाऱ्या तरुणाचा ए-एच लांबलेला असेल तर बहुधा हृदयाची गती मंदावणाऱ्या व्हेगस नर्व्हचा प्रभाव असतो आणि व्यायाम करताना तो कमी होतो. मात्र ज्याला अचानक शुद्ध हरपण्याचा त्रास आहे, ईसीजीत शाखांचा ब्लॉक आहे आणि एच-व्ही 70 किंवा त्याहून जास्त निघतो, त्याला पेसमेकर सुचवतात. कारण हिसच्या खाली वाट पूर्ण बंद पडली, तर उरलेले तंतू मिनिटाला जेमतेम 20 ते 40 ठोके देतात, आणि त्यांचा भरवसा नसतो.