थेरपी की लाइफ कोचिंग : एका सीमारेषेची पार्श्वभूमी

मनातली घालमेल घेऊन थेरपिस्टकडे जावे की लाइफ कोचकडे, या प्रश्नाला हल्ली एक ठरीव उत्तर मिळते : थेरपी भूतकाळ उकलते, कोचिंग भविष्य घडवते. उत्तर सुटसुटीत आहे, पण ही सीमारेषा मनाच्या घडणीवरून आखलेली नाही. पैसे घेऊन दुसऱ्याचे ऐकण्याचा अधिकार कोणाचा, या वादातून ती पडत गेली आहे.

व्हिएन्नाचे डॉक्टर योसेफ ब्रॉयर यांच्याकडे १८८० ते १८८२ या काळात बेर्था पापेनहाइम ही तरुणी उपचार घेत होती. आजाराच्या एका टप्प्यावर तिला मातृभाषा जर्मन बोलताच येईना, ती केवळ इंग्रजीत बोलू लागली. त्यामुळे ब्रॉयर यांच्यापुढे मन मोकळे केल्यावर जो आराम पडे, त्याला तिने नावही इंग्रजीतच दिले, ‘टॉकिंग क्युअर’. थट्टेत ती त्याला धुराडे साफ करणेही म्हणे. ब्रॉयर आणि मनोविश्लेषणाचे, म्हणजे बोलण्यातून मनाचा तळ शोधण्याच्या पद्धतीचे, जनक सिग्मंड फ्रॉइड यांच्या १८९५ च्या ग्रंथातून हे नाव सर्वतोमुखी झाले.

हा उपचार डॉक्टरांनीच करावा का? व्हिएन्नात वैद्यकीय पदवी नसलेले टेओडोर राइक यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप आला, तेव्हा १९२६ मध्ये फ्रॉइड यांनी एक पुस्तिका लिहून मनोविश्लेषणाला वैद्यकाची पदवी नव्हे, तर निराळे प्रशिक्षण लागते, अशी बाजू मांडली. अमेरिकेतील मनोविश्लेषकांनी मात्र गुरूचे न ऐकता डॉक्टरांव्यतिरिक्त इतरांना दार बंद केले. दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांसाठी मनोविकारतज्ज्ञ अपुरे पडू लागले, तेव्हा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) मोठी फळी तयार करावी लागली आणि त्यांच्यासाठी एकेका राज्यात परवान्याचे कायदे झाले.

कोचिंगची वाट वेगळी आहे. हंगेरीतील कोच गावच्या घोडागाडीवरून हा शब्द इंग्रजीत आला आणि एकोणिसाव्या शतकात ऑक्सफर्डचे विद्यार्थी परीक्षेतून पार नेणाऱ्या खासगी शिक्षकाला ‘कोच’ म्हणू लागले. आपल्याकडचे ‘कोचिंग क्लास’ मूळ अर्थाला अधिक जवळचे म्हणायचे. पुढे हा शब्द मैदानावर गेला, आणि टिमथी गॅल्वे यांच्या टेनिसवरील १९७४ च्या पुस्तकाने खेळाडूचा खरा झगडा स्वतःच्या मनाशी असतो, हा विचार कार्यालयांपर्यंत पोचवला. त्याचा पेशा केला तो थॉमस लेनर्ड या आर्थिक सल्लागाराने. पैशाचा हिशेब विचारायला येणारी माणसे आयुष्याचाही विचारतात, हे ओळखून त्यांनी १९९२ मध्ये कोच विद्यापीठ आणि १९९५ मध्ये इंटरनॅशनल कोच फेडरेशन स्थापन केले. शिकवणी टेलिफोनवरून चाले. ‘आम्ही रोगी पाहत नाही’ हे वाक्य या पेशाने आरंभापासून जपले, त्यात तत्त्व होते तसा परवान्याच्या कायद्यापासून बचावही होता, असे मला वाटते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात कोचिंग हीदेखील मानसोपचाराच्याच व्याख्येत बसते, असा पेच उभा राहिला आणि २००४ मध्ये कायद्यात अपवाद करून तो सोडवावा लागला.

भारतात १९९२ च्याच पुनर्वास परिषद कायद्याने चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी आणली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. समुपदेशकांना २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्यात जागा मिळाली. (‘समुपदेशन’ या आपल्या शब्दात ‘उपदेश’ दडलेला आहे, आणि उपदेश टाळणे हाच त्या पेशाचा पहिला धडा असतो!) लाइफ कोचसाठी असा कायदा नाही. त्याचे प्रमाणपत्र खासगी संस्थेचे असते, त्याने पाळायची गुप्तता कराराची असते, आणि तक्रार झालीच तर ती त्या संस्थेकडे किंवा ग्राहक म्हणून न्यावी लागते. याउलट चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचा परिषदेकडील नोंदणी क्रमांक पहिल्याच भेटीत विचारून घेता येतो.